प्लॉटचा इसार देण्याआधी पंधरा दिवस थांबा. पहिल्यांदाच जागा घेणाऱ्यांनी काय तपासावं?

जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर चार-पाच किलोमीटर गेलं की हे चित्र दिसतं. दोन्ही बाजूंना सोयाबीन, तूर आणि मध्येच एखाद्या शेतात चुना लावलेले दगड रोवलेले. मुरमाचा एक कच्चा रस्ता आणि वर बोर्ड, 'एन.ए. प्लॉट, सुलभ हप्त्यात'. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी मुंबईपर्यंत पूर्ण सुरू झाला. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा या पट्ट्यातून तो जातो. तेव्हापासून असे बोर्ड लावताना महामार्गाचं नाव हमखास घेतलं जातं.

घेणारेही गावातलेच असतात. कोणाला जमिनीचा मोबदला मिळालेला असतो, कोणी नोकरीतून निवृत्त झालेला असतो, कोणाचा मुलगा पुण्यात कंपनीत असतो आणि दर महिन्याला थोडे पैसे गावी पाठवतो. बँकेत ठेवून काय मिळतं, जागा घेऊन टाकू, असा विचार होतो. विचारात चूक काहीच नाही. चूक होते ती घाईत. "भाऊ, आज भाव आठशे आहे, दिवाळीनंतर हजार होणार, दोन गिऱ्हाईक उभे आहेत," एवढ्या बोलण्यावर लाख-दोन लाख इसार दिला जातो आणि सातबारा नंतर पाहिला जातो. बैल घेताना चार जण दात पाहतात, चालवून पाहतात. प्लॉट मात्र चहाच्या टपरीवर ठरतो.

जमीन कुठं पळून जात नाही. पंधरा दिवसांत जेवढी तपासणी होते, तेवढी पुढे कोर्टात पंधरा वर्षांतही होत नाही. ती तपासणी कशी करायची, ते इथं क्रमाने दिलं आहे.

पैसा कोणता आहे?

कागदाच्या आधी पैशाचा विचार करावा. प्लॉट अर्धा विकता येत नाही आणि आज विकायला काढला तर उद्या गिऱ्हाईक मिळेलच असं नाही. म्हणून पुढच्या पाच-सात वर्षांत लागणारा पैसा, म्हणजे लेकीचं लग्न, मुलाची फी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा दवाखाना, तो यात घालू नये. पीक कर्ज किंवा सोनेतारण काढून गुंतवणुकीचा प्लॉट घेणं तर सरळ जुगार आहे. व्याज दर महिन्याला वाढतं, प्लॉट मात्र महिन्याला एक रुपयाही देत नाही. चालू उत्पन्न देणारी शेती विकून रिकामा प्लॉट घेणाऱ्यांनी दोनदा विचार करावा.

'एन.ए.' म्हणजे नक्की काय?

एन.ए. म्हणजे अकृषिक, शेतीशिवाय दुसऱ्या वापराची जमीन. बोर्डावर ही दोन अक्षरं लिहायला कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून कागद मागावा. तीन कागद महत्त्वाचे. पहिला, अकृषिक आदेश किंवा सनद. दुसरा, सक्षम अधिकाऱ्याने मंजूर केलेला लेआउटचा नकाशा, ज्याला बोलताना 'टीपी मंजूर' म्हणतात. तिसरा, ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचा चालू सातबारा.

एजंट छापून वाटतो तो रंगीत नकाशा म्हणजे मंजूर नकाशा नव्हे. मंजूर नकाशावर मंजुरीचा क्रमांक, तारीख, सही-शिक्का असतो. तो क्रमांक लिहून घेऊन नगरपालिकेत, नगररचना कार्यालयात किंवा तहसीलमध्ये जाऊन मूळ फाईलशी ताडून पाहावा. नकाशात रस्ता कुठून आहे, मोकळी जागा कुठं सोडली आहे आणि आपला प्लॉट नंबर कोणता, हे बोट ठेवून बघावं. मोकळ्या जागेवरच प्लॉट पाडून विकला तर घेणाऱ्याचं नाव कागदावर कधीच नीट लागत नाही. रस्ता शेजाऱ्याच्या शेतातून जात असेल तर त्या शेजाऱ्याने उद्या तार टाकली की प्लॉट असून नसल्यासारखा.

एन.ए. नसलेल्या शेतजमिनीचे दोन-दोन गुंठे पाडून विकणं हा तर वेगळाच सापळा आहे. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानुसार शेतजमिनीचा ठरावीक क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पाडून विकता येत नाही. २०२३ साली राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी हे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं ठरवण्यात आलं. जुने तुकड्यांचे व्यवहार नियमित करण्यासाठी सरकारने वेळोवेळी सवलती दिल्या आहेत. पण "पुढे सरकार नियमित करतंच" या भरवशावर आज नवीन तुकडा घेऊ नये.

यावर पळवाट म्हणून चार-पाच अनोळखी लोकांना एकत्र करून एकच मोठी खरेदी केली जाते. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं सामाईक लागतात. कोणाचा तुकडा नेमका कुठं, हे कागद सांगत नाही. पुढे एकाला विकायचं झालं की बाकीच्यांच्या सह्यांसाठी फिरावं लागतं. त्यातला एखादा वारला की त्याच्या वारसांमागे फिरावं लागतं.

मोबाईलवर सातबारा कसा वाचायचा?

यासाठी तलाठ्याकडे जायचीही गरज नाही. महाभूलेखच्या संकेतस्थळावर अमरावती विभाग, मग जिल्हा, तालुका, गाव आणि गट नंबर टाकला की सातबारा दिसतो. हा पाहण्यापुरता असतो. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत मिळतो. विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स कितीही स्वच्छ असली तरी स्वतः काढलेलाच उतारा खरा मानावा. उताऱ्यात या गोष्टी पाहाव्यात.

भोगवटादार वर्ग: वर्ग १ असेल तर मालकाला विकायची साधारणपणे मोकळीक असते. वर्ग २ असेल तर ती जमीन इनाम, सरकारी वाटपाची किंवा अशाच अटीची असते आणि सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासी खातेदाराच्या जमिनीलाही अशीच कडक बंधनं आहेत.

नावं: विकणाऱ्याचं एकट्याचं नाव आहे की भाऊ, पुतणे, आई अशी आणखी नावं आहेत, हे पाहावं. नाव मयताचंच असेल तर आधी वारसनोंद व्हायला हवी. 'जिवंत सातबारा' मोहीम त्यासाठीच निघाली. तिची सुरुवात आपल्याच बुलडाणा जिल्ह्यातून झाली आणि २०२५ साली ती राज्यभर नेण्यात आली.

इतर अधिकार: सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळ, कोर्टाचा मनाई हुकूम, भूसंपादनाची नोंद हे सगळं याच रकान्यात असतं. बोजा असेल तर "मी उद्या भरतो" यावर विसंबू नये. कर्ज फेडून बोजा उतरल्याचा फेरफार झाल्यावरच पुढे सरकावं.

प्रलंबित फेरफार: उताऱ्यावर ही ओळ असते. तिथं काही प्रलंबित दिसलं तर कोणीतरी या जमिनीवर आधीच काहीतरी केलं आहे असं समजावं. 'आपली चावडी'वर गावातल्या फेरफारांच्या नोटिसा पाहता येतात.

एन.ए. झालेल्या क्षेत्राच्या सातबाऱ्यावर खालच्या पिकांच्या भागाची, म्हणजे नमुना १२ ची गरज नसते आणि तशी सूचनाच उताऱ्यावर छापून येते. ज्या प्लॉटच्या उताऱ्यावर अजून सोयाबीनची नोंद आहे, तो प्लॉट कागदावर शेतच आहे.

नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गाव आणि गट नंबर टाकून आधी झालेल्या दस्तांची सूची क्रमांक २ शोधता येते. एकच प्लॉट दोघांना विकला गेला आहे का, हे त्यातून कळू शकतं. ई-कोर्ट्स ॲपवर विकणाऱ्याचं नाव टाकून जिल्ह्यातल्या न्यायालयात दावा चालू आहे का, तेही पाहता येतं. एवढं सगळं घरी बसून एका संध्याकाळी होतं. त्यानंतर वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि स्थानिक वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. यासाठी खर्च येतो, पण प्लॉटच्या किमतीपुढे तो किरकोळ असतो. वकील आपला असावा. विकणाऱ्याने सुचवलेला वकील हा विकणाऱ्याचाच वकील असतो.

बहिणींच्या सह्या

ग्रामीण भागात सर्वांत जास्त दुखणारी जागा हीच. वडिलोपार्जित जमीन भावांनी विकली, पैसे वाटून घेतले, बहिणींना विचारलंच नाही. हिंदू वारसा कायद्यातली केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली. तिने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. महाराष्ट्राने तर अशी दुरुस्ती १९९४ सालीच केली होती. वडील २००५ पूर्वी वारले असले तरी मुलीचा हक्क त्या कारणाने जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेले व्यवहार आणि वाटण्या मात्र त्यामुळे उघडल्या जात नाहीत.

म्हणून जमीन वडिलोपार्जित असेल तर बहिणींनी खरेदीखतावर सही करावी किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र झालेलं असावं. "ताईचं काही म्हणणं नाही, राखीला येते ना ती," हे उत्तर चालत नाही. ताईचं म्हणणं नसेल तर ताईने रजिस्ट्री ऑफिसात येऊन सही करायला हरकत नसावी. बहिणीचा हक्क हा तिचा आहे. तो डावलून घेतलेली जागा घेणाऱ्यालाही पुरत नाही.

गावठाणातलं घर घेताना

तालुक्याजवळच्या मोठ्या गावात भाड्यासाठी जुनं घर घेणारेही आहेत. तिथं विकणारा ग्रामपंचायतीचा नमुना ८ दाखवतो आणि "हे घ्या मालकीचं" म्हणतो. नमुना ८ हा घरपट्टी आकारणीचा उतारा आहे. घरपट्टी कोणाच्या नावावर आहे एवढंच तो सांगतो, त्याने मालकी सिद्ध होत नाही. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजून मिळकत पत्रिका दिल्या जात आहेत. त्या गावात मिळकत पत्रिका झाली असेल तर तीच मागावी. झाली नसेल तर जुनं खरेदीखत, वाटणीपत्र आणि चारही शेजाऱ्यांचं म्हणणं, हे सगळं जुळवून पाहावं. घर गायरानावर तर नाही ना, हे तलाठ्याला जरूर विचारावं.

इसार, नोटरी आणि रोख

स्टॅम्प पेपरवर लिहून नोटरीचा शिक्का मारला की जागा आपली झाली, हा मोठा गैरसमज आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे स्थावर मिळकतीची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते. मुखत्यारपत्रावर किंवा साध्या करारावर जागेची मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीही सांगितलं आहे. नोटरी केलेल्या कागदाने फार तर पैसे दिल्याचा पुरावा होतो.

इसार द्यायचाच असेल तर कमी द्यावा, बँकेतून द्यावा आणि इसारपावतीत चार गोष्टी लिहून घ्याव्यात: गट नंबर, प्लॉट नंबर आणि चतुःसीमा, एकूण किंमत, खरेदीखत कोणत्या तारखेपर्यंत, आणि कागदात दोष निघाला तर इसार किती दिवसांत परत. शेवटची ओळ लिहायला विकणारा तयार नसेल तर तिथंच काय ते समजावं.

रोख व्यवहाराचा आग्रह बराच असतो. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याने मना आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. देणाऱ्याचा तोटा वेगळा. बारा लाखांचा प्लॉट कागदावर सात लाखांचा दाखवला, पुढे व्यवहार फिसकटला तर कोर्टात मागता येतात ते सातच. शिवाय पुढे विकताना नफा जास्त दिसतो आणि त्यावर कर लागतो. मुद्रांक शुल्क वाचवण्याचा हेतूही फारसा साधत नाही, कारण खरेदीची रक्कम आणि सरकारी मूल्यदर यांत जे जास्त असेल त्यावरच ते लागतं. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार रुपये. घर किंवा फ्लॅट महिलेच्या नावावर घेतला तर मुद्रांकात एक टक्का सवलत आहे.

शहरात फ्लॅट घेताना

महाराष्ट्रात रेरा कायदा १ मे २०१७ पासून पूर्ण लागू आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त फ्लॅटचा नवा प्रकल्प महारेराकडे नोंदवावा लागतो. ही अट प्लॉटच्या लेआउटलाही आहे. ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम पाच गुंठे. म्हणजे एकरभराच्या लेआउटचा बोर्ड दिसला की त्यावर महारेरा नंबर शोधावा. तो नंबर संकेतस्थळावर टाकला की मालक कोण, मंजुरी कोणती, काम कधी पूर्ण होणार, तक्रारी किती हे दिसतं. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. भाव नेहमी कार्पेट क्षेत्रावर, म्हणजे भिंतीच्या आतल्या वापराच्या जागेवर विचारावा. तयार फ्लॅट असेल तर भोगवटा प्रमाणपत्र पाहावं.

फ्लॅट भाड्याने द्यायचा तर भाडेकरार नोंदवणं मालकाची जबाबदारी आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती स्पष्ट सांगितली आहे.

'दुप्पट झाला' म्हणजे किती मिळाले?

समजा, १,५०० चौरस फुटांचा प्लॉट ८०० रुपयांनी १२ लाखांना घेतला. मुद्रांक, नोंदणी, वकील, मोजणी, खांब आणि तार धरून आणखी एक लाख गेला. दहा वर्षांनी तो २४ लाखांना विकला. गावात बोलतात, 'दुप्पट केले'. हिशेब केला तर १३ लाखांवर वर्षाला सव्वासहा टक्क्यांच्या आसपास पडले, म्हणजे बँकेच्या मुदत ठेवीच्याच वळणावर.

त्यात कराचाही भाग आहे. गावातली शेतजमीन विकली तर बहुतेक वेळा भांडवली नफ्याचा कर लागत नाही, म्हणून प्लॉटलाही लागत नाही असं शेतकऱ्यांना वाटतं. एन.ए. प्लॉटला तो लागतो. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ ठेवून विकला तर २३ जुलै २०२४ पासून नफ्यावर साडेबारा टक्के दर आहे.

आता फ्लॅट. समजा, ३० लाखांचा फ्लॅट, त्यात २० लाख कर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षं. हप्ता जवळपास १८ हजार. भाडं आलं ८ हजार. उरलेले १० हजार आणि वर मेंटेनन्स दर महिन्याला खिशातून. दोन महिने भाडेकरू नसेल तर पूर्ण १८ हजार. वीस वर्षांत बँकेला एकूण ४३ लाखांच्या वर जातात. ज्याच्या घरी महिन्याला पगार येतो त्याला हे झेपेल. ज्याचा पैसा वर्षातून दोनदा, माल विकल्यावर येतो, त्याला दर महिन्याचा हप्ता फार जड जातो.

याचा अर्थ जागा घेऊच नये असा नाही. मुलाला पुढे घर बांधायला होईल, पैसा खर्चून न जाता एका जागी राहील, हीही कारणं खरी आहेत. फक्त तीन वर्षांत तिप्पट होईल म्हणून घेऊ नये.

रजिस्ट्रीनंतरही काम उरतं

रजिस्ट्री झाली म्हणजे सरकारने विकणाऱ्याची मालकी तपासली, असं नव्हे. निबंधक दस्त नोंदवतो. मालकीची तपासणी घेणाऱ्यानेच करायची असते. दस्तानंतर फेरफार होतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर आपलं नाव आल्याचं स्वतः डोळ्यांनी पाहावं. अनेक जण इथंच ढिले पडतात. दस्त कपाटात राहतो आणि उताऱ्यावर जुन्याच मालकाचं नाव राहतं. तेच नाव दाखवून जागा दुसऱ्यांदा विकली जाऊ शकते.

भूमी अभिलेखकडून मोजणी करून हद्दीचे खांब रोवावेत आणि मोजणीची 'क' प्रत जपून ठेवावी. वर्षातून दोन वेळा तरी जागेवर चक्कर मारावी. रिकामा प्लॉट आणि पडीक बांध, दोन्हीवर शेजाऱ्याचा नांगर हळूहळू सरकतो.

पंधरा दिवसांचं वेळापत्रक

पहिला दिवस: सातबारा, फेरफार, सूची क्रमांक २ आणि कोर्टातले दावे मोबाईलवर पाहा.
दुसरा ते चौथा दिवस: मंजूर नकाशा आणि एन.ए. आदेश कार्यालयात ताडून पाहा. जागेवर जाऊन रस्ता, नाला, वीज, पाणी बघा. शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावर बघा.
पाचवा दिवस: आपल्या वकिलाला कागद द्या, जाहीर नोटीस द्या.
पुढचे दहा दिवस: त्याच प्लॉटवर कर्ज मिळेल का, हे बँकेत विचारा. कर्ज नको असलं तरी विचारा. बँकेने नाही म्हटलं तर का, ते समजून घ्या.
पंधरावा दिवस: सगळं जुळलं तर इसार द्या.

या पंधरा दिवसांत प्लॉट दुसऱ्याने घेतला, तर फार तर एक प्लॉट हातचा गेला. पुढच्या चौफुलीवर दुसरा बोर्ड लागलेलाच असतो. पण कागद न पाहता दिलेला मोबदल्याचा पैसा गेला, तर ज्या शेतासाठी तो मिळाला होता ते शेतही परत येत नाही.